काळा दोरा

१९४१ साल. कार्तिक उतरत होता, धसईच्या शिवारात भाताची कापणी चालू होती. देवजी हिवतापानं घोंगडीखाली कुडकुडत होता आणि त्याची बायको अंबूबाई दोन सारख्या बाटल्या पुढ्यात घेऊन बसली होती.

दोन्ही बाटल्या सून भागीने आदल्या दिवशी मुरबाडच्या दवाखान्यातून आणलेल्या. एक देवजीने तापासाठी प्यायची, दुसरी म्हातारीच्या गुडघ्यांना चोळायची. घरात अक्षर कुणालाच येत नव्हतं. म्हणून भागीने एकीच्या गळ्यात काळा दोरा बांधला आणि विळा घेऊन शेतावर निघताना दारातून सांगितलं, "आत्या, दोरा बघून द्या!"

"बघते! मी काय आंधळी हाय?"

अंबूबाईने दोरा बघितला. काळा दोरा कोणाला बांधतात? ज्याला जपायचं असतं त्याला. तिने त्याच बाटलीतलं औषध वाटीत ओतलं. तपकिरीनं मेलेल्या नाकाला वास काही लागला नाही.

"जळतंय गो," देवजी म्हणाला.

"औषध हाय. बासुंदी नाय."

दुपारी भागी भाकरीला घरी आली. दोऱ्याची बाटली सासऱ्याच्या उशाशी होती. तिच्या हातातला विळा गळून पडला.

"आत्या, किती पाजलंत?"

"दोन घोट. का गो?"

"ती चोळायची होती! पोटात गेली तर विष, म्हनून तर काळा बांधला!"

अंबूबाईने नवऱ्याचा हात धरला. हात गार लागत होता. ताप उतरत होता की माणूस जात होता, तेही तिला कळेना.

शेजारच्या काळूरामच्या बैलगाडीत पेंढा टाकून देवजीला निजवलं. मुरबाडपर्यंत अंबूबाई एकच विचारत राहिली, "अवो, मी कोन? सांगा ना, मी कोन?"

म्हसोबाच्या चढावर देवजीने डोळे उघडले.

"मला मारनारी," तो पुटपुटला.

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

देवजी वाचला. आणखी सात वर्षं जगला, पण औषधाची वाटी पुढे आली की म्हणायचा, "आधी तू पी." अंबूबाई प्यायची. तो गेल्यावर वर्षभरात तीही गेली. शेवटच्या दुखण्यात तिने औषधाचा थेंब तोंडाला लावू दिला नाही.

भागीला पुढे मुलगा झाला. शेजारणी काळा दोरा घेऊन आल्या, तेव्हा तिने बाळाचं मनगट पदराखाली झाकून घेतलं.