जिन्यावरचं वाक्य

"इंग्रजीत आधी 'उचल', मग 'ते', आणि 'हळू' सगळ्यात शेवटी," मुलानं आईला शिकवलं. "लिफ्ट इट स्लोली."

"शेवटी? तोवर फुटलं की रे!"

तरी आईनं वाक्य घोकलं. नव्या सुनेला मराठी येत नव्हतं, आणि आरशाचं कपाट सासूसुनेनंच वर न्यायचं होतं. मुलाच्या कमरेत म्हणे उसण भरली होती.

जिन्याच्या वळणावर कपाट कललं.

"लिफ्ट!" सासूबाई वरच्या टोकाकडून ओरडल्या. "इट!" पुढचा शब्द काही केल्या आठवेना. आरसा करकरला.

"हळू, आई, हळू!" खालून आवाज आला.

कपाट सावरलं. सासूबाई मात्र बघतच राहिल्या. "हे तुला कुणी शिकवलं गं?"

एवढं मराठी सुनेला कळलं. तिनं हनुवटीनं वर दाखवलं. तिथे दोघींचा मास्तर कठड्यावर चढून बसला होता आणि मजेत पाय हलवत होता.

दोघींनी कपाट पायरीवर टेकवलं, हात झटकले.

"उचल!" आई म्हणाली.

"ते!" बायको म्हणाली.

"लवकर!" दोघी एकदमच म्हणाल्या.