एका छपराखाली

धाकट्या भावाला बायकोपासून सुटका हवी होती. साक्षीला म्हणून मी त्याच्यासोबत वकीलबाईंकडे गेलो.

"एकाच घरात राहता?" त्यांनी त्याला विचारलं.

"राहतो, पण नावाला. ती आत झोपते, मी बाहेरच्या खोलीत."

"जेवण?"

"आपापलं वाढून घ्यायचं. बोलणं तर कधीचंच बंद झालंय."

"मग एका छपराखाली असूनही तुम्ही वेगळेच राहताय. कोर्टात हे सांगता येईल." त्यांनी वकीलपत्र सहीसाठी पुढे सरकवलं आणि हसत माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमचं घरी बरं चाललंय ना? नाहीतर दोघा भावांचं एकदमच उरकून टाकू."

"आमचं छान आहे," मी म्हणालो. "सकाळी तिचा चहा तिच्या उशाशी ठेवतो. जेवायला दोघांची ताटं समोरासमोर मांडतो. हल्ली ती जरा कमी बोलते, एवढंच."

भावाने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, आज सही नको," म्हणाला आणि माझा हात धरून उठला.

माझ्या बायकोला पुढचा खांदा त्यानेच दिला होता.