हिरवी डायरी

रियाधमधल्या खोलीत कादिर कोकणातल्या गावच्या शिक्षण ट्रस्टसाठी अनुदानाचा अर्ज भरत होता. अनुदान देणाऱ्या फाउंडेशनचं पोर्टल रात्री बाराला बंद होणार होतं. दहा मिनिटं उरली होती. “ज्यांना मदत केली त्यांची नावं मागतायत, फोटोसकट. किमान एक तरी नाव हवंच,” कादिर म्हणाला. “कुणाची फी भरली ते आपण कधीच सांगत नाही,” शेजारी बसलेले ट्रस्टचे अध्यक्ष हाजीसाहेब म्हणाले. “मग अनुदान विसरा! शिकायला मदत घेतली, त्यात लाज कसली?” हाजीसाहेबांनी मदतीच्या नोंदींची हिरवी डायरी पुढे सरकवली. कादिरने अकरा नावं धडाधड टाईप केली. बाराव्यावर बोटं थबकली. ते नाव त्याचंच होतं. आयटीआयच्या फीसाठी आंब्याची कलमं विकली, असं अब्बा मरेपर्यंत सांगत होते. “हाजीसाहेब, हे...” “तुला सांगायचं नाही, अशी तुझ्या अब्बांनी कसम घातली होती.” दोन मिनिटं उरली. कादिरने वरची अकरा नावं पुसली, फक्त आपलं नाव टाईप केलं आणि इकाम्यावरचा, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावरचा, स्वतःचा फोटो जोडला.