स्तामेनाआजींची करंगळी

साऱ्या गावाचं दही स्तामेनाआजींच्या करंगळीमुळे लागतं, अशी बल्गेरियातल्या त्या डोंगरगावाची श्रद्धा होती. ती मुख्यतः आजींनीच पसरवली होती. कोमट दुधात करंगळी बुडवायची, तीन आकडे मोजायचे, चटका सोसवला की विरजण लावायचं.

यंदा नेमकी तीच करंगळी पिकली. डॉक्टरांनी वर जेलची पट्टी बसवली. "यातून आठवडाभर औषध झिरपत राहील. त्याला बरंवाईट कळत नाही, जंतू दिसला की मारतं. बोट पाण्यात घालू नका."

"पाण्यात नाही घालणार," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सेंट जॉर्जचा सण, जेवायला चाळीस पाहुणे. आदल्या संध्याकाळी आजींनी दह्यासाठी दूध तापवलं, तेव्हा सून झिव्का थर्मामीटर घेऊन आली.

"ते आजाऱ्याला लावतात गं. दूध काय तापाने फणफणलंय?"

"आई, निदान दुसरं बोट तरी घाला!"

"त्याला काय कळतंय?" म्हणत आजींनी पट्टीसकट करंगळी बुडवली. चटका जाणवेना, म्हणून साठपर्यंत मोजलं, मग विरजण लावून पातेलं घोंगडीत गुंडाळलं. "नुसती चिकट जेली! म्हणे औषध झिरपतं!"

सकाळी पातेल्यावरची घोंगडी काढली. करंगळीची सूज उतरली होती आणि दूध अजून दूधच होतं.