तपकिरी कोळसा पुन्हा चढला

"परत चढला?" संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो भावताई, हा कोळसा आहे की सोनं?"

भावताईचंच डोकं भणभणत होतं. त्या व्यापारी दैनिकात तपकिरी कोळशाचा रोजचा भाव ती द्यायची, आणि देशभरातले सौदे त्या आकड्यावर ठरायचे. आकडा चढत होता, पण का चढत होता, ते काही केल्या उमगत नव्हतं. थंडी नावापुरती पडलेली. एक मोठं वीजकेंद्र दुरुस्तीसाठी बंद. खाणीतून माल नेहमीसारखा निघतोय. सगळी लक्षणं उतरणीची, आणि भाव मात्र ऐकायला तयार नाही.

"कारण द्या हो काहीतरी," संपादक म्हणाले.

"सापडलं तर देईन ना! मनाने काय लिहू?"

"तुमचा पायगुण, दुसरं काय," शेजारच्या टेबलावरचा सिमेंटवाला बातमीदार हसला. ती या सदरावर आली आणि भाव चढायला लागला, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

तिच्या आधी हे सदर सांभाळणारे काका दैनिकाचं नाव सांगून फोन करायचे. व्यापारी त्यांना बिनदिक्कत काहीही ठोकून द्यायचे. आल्या आल्या तिने ती पद्धत मोडीत काढली. साधं गिऱ्हाईक होऊन विचारायचं, म्हणजे खरा भाव कळतो. या युक्तीचं तिला मनातून फार कौतुक होतं.

रोजच्यासारखी ती फोन घेऊन बसली. बाजारात मोठे डेपोवाले तिघेच.

"ओलावा किती आहे मालात?" तिने पहिल्याला विचारलं. ओला कोळसा म्हणजे पाण्यालाच पैसे मोजणं, तेव्हा हा प्रश्न आधी. मग भाव.

त्याने कालच्यापेक्षा चढा सांगितला.

"बरं, घरी विचारून कळवते," म्हणून तिने फोन ठेवला. दुसराही चढा. तिसऱ्याने तर वर ऐकवलं, "बाई, लवकर ठरवा. उद्या मिळेल न मिळेल."

ती आकड्याकडे बघत बसली. हे लोक एकमेकांना सामील आहेत म्हणावं, तर तिघांमधून विस्तवही जात नाही. मग कोण घेतंय एवढा कोळसा? आणि कशाला?

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. त्याची वीटभट्टी होती, याच कोळशावर चालणारी.

"ताई, आडपडदा न ठेवता सांग. आज घेऊ की थांबू?"

"थोडा थोडा घे की. नेहमी घेतोस तसा."

"थोडा थोडा घेऊनच तर मेलोय! दर खेपेला महाग. असंच चाललं तर भट्टी बंद करावी लागेल. आमचे डेपोवाले शेठ म्हणतात, हंगामाचा सगळा माल एकदम उचललास तर आजचा भाव देतो. त्यासाठी ट्रक विकावा लागेल."

हा कोळसा साठवायचा म्हणजे जिवाला घोर. वाळला की त्याचा भुगा होतो, आणि ढीग आतल्या आत धुमसायला लागतो. भाव उतरला तर धाकटा ट्रकही गमावून बसेल आणि कोळसाही. चढतच राहिला तर आज न घेतल्याबद्दल जन्मभर तिला बोल लावेल. नाही, बोल लावणार नाही तो. गप्प बसेल, आणि तेच जास्त लागेल.

"ताई, ऐकतेस ना? तू सांगशील ते."

"घे," ती म्हणाली. "कोणीतरी मोठा खरेदीदार उतरलाय बाजारात. दुसरं कारणच दिसत नाही मला."

फोन ठेवल्यावर तिने तेच वाक्य सदरातही टाकलं. संपादक खूश झाले.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने ट्रक विकला आणि तिला सोबत घेऊन डेपोवर गेला. ती आत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि चकार शब्द बोलली नाही. शेठनी फोनवरचा आवाज ओळखला, तर उद्यापासून खरा भाव मिळायची पंचाईत. धाकट्याने घासाघीस करून पाहिली. शेठ तसूभर हलले नाहीत. शेवटी त्याने हातावर हात मारला, पैसे मोजून दिले आणि सौदा पक्का झाला. बाहेर त्याचा माल भरायला सुरुवातही झाली.

शेठनी चहा मागवला. आता ते सैलावले होते.

"शेठ, आता तरी सांगा," धाकटा म्हणाला. "एवढा कोळसा घेतंय तरी कोण?"

"खरं सांगू? घेतलेला नाही अजून कोणीच. तुमच्यासारखे किरकोळ सोडले, तर माल पडूनच आहे."

"मग भाव कशाला चढवलात?"

"अहो, घेणार आहे ना! आजच्या पेपरातसुद्धा आलंय, मोठा खरेदीदार उतरलाय म्हणून. तोवर कोण वेडा स्वस्तात विकेल?" शेठ पुढे वाकले आणि आवाज खाली आणला. "एक बाई आहे. रोज फोन करते, एक दिवस चुकवत नाही. बाकीच्या दोघांच्या नोकरांकडे चौकशी केली, त्यांनाही करते. कच्ची नाही हं, आधी ओलावा विचारते आणि मग भाव. आणि म्हणते काय, तर घरी विचारून कळवते! आम्ही तिघंही तिचीच वाट बघतोय."

कोपऱ्यातल्या भावताईने कप खाली ठेवला.

धाकट्याला हसू आलं. खुर्ची वळवून तो म्हणाला, "ताई, तुला तर बाजारातलं सगळं ठाऊक असतं. कोण गं ही बाई?"