नेलपेंटच्या रेघा

जीपच्या चार चाकांना मिळून वीस नट होते. त्यातले सात ढिले, पाच वाजवीपेक्षा घट्ट आणि आठ जागच्या जागी.

साक्षीने पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

आधीच्या दोन्ही रविवारी काही नट ढिले सापडले होते. म्हणून गेल्या खेपेला तिने प्रत्येक नटापासून चाकापर्यंत लाल नेलपेंटची सरळ रेघ ओढली होती. नट हलला की रेघ तुटणार. आज बारा रेघा तुटल्या होत्या.

फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली साक्षी रविवारी पाथर्डी फाट्याला बहिणीकडे यायची ती या जुन्या जीपसाठी. ब्रेक, प्लग, कूलंट, सगळं तिने व्हिडिओ बघून आणि हात काळे करून शिकून घेतलं होतं. टॉर्क पाना तिचा लाडका. त्यावर हव्या त्या जोराचा आकडा लावायचा. नट तेवढा आवळला गेला की पाना 'कट्' असा आवाज करतो. चाकांच्या नटांना नव्वद न्यूटन-मीटर लागतो, म्हणून दोन वर्षं तो नव्वदवर लावलेलाच पेटीत असे. काम झालं की आकडा उतरवून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते, असं पेटीवर लिहिलं होतं; पण सारखं कोण फिरवत बसणार?

हर्षालीताई पेठच्या शाळेत शिकवायची. रविवारी दुपारी ती जीप घेऊन जायची आणि शुक्रवारी परत यायची. मधे सावळघाट. ती नोकरी सोड, म्हणून दाजी वर्षभर तिच्या मागे लागले होते. त्यावरून घरात वाजायचं, हे साक्षीला माहीत होतं.

"सायंटिस्ट, चहा." दीपक दाजी दोन कप घेऊन आले. "पेशंट कसा आहे?"

"दाजी, काल गाडीला कोणी हात लावला होता?"

"कोण लावणार?"

"समोरच्या मंगलाबाईंनी तुम्हाला पाहिलं. पुढच्या डाव्या चाकापाशी. पाना घेऊन."

दाजींनी कप बॉनेटवर ठेवला. "अगं, खडखड येत होती म्हणून एक चाक आवळलं. बाकीची आवळणार तेवढ्यात तुझ्या ताईने भाजीला पिटाळलं."

"मग कोणी नाही असं का म्हणालात?"

"तू ओरडतेस म्हणून. मागे पायाने दाबून नट आवळला, तर तासभर लेक्चर दिलंस. स्टड तुटतो, आटे जातात आणि काय काय."

ते हसले. साक्षी हसली नाही. घट्ट सापडलेले पाचही नट त्याच चाकाचे होते. ज्याला संशय टाळायचा असतो तो एक चाक नीट करून ठेवतो आणि तेच चार लोकांना दिसेल असं करतो, असं तिला वाटलं.

ती वर गेली. हर्षाली डबा भरत होती.

"ताई, सलग तिसरा रविवार. आज सात नट ढिले आहेत."

"जुनी गाडी आहे गं."

"नट जुने नाहीत, मीच नवे बसवलेत. मी स्वतः आवळते, मोजून. मग सैल कोण करतं?"

हर्षालीचा हात थांबला. "दीपक? वेडी का तू? तो कशाला असं करेल?"

"तू एकदा घाटात घाबरलीस की नोकरी सोडशील ना."

हर्षालीने डब्याचं झाकण लावलं. "परवाच म्हणाला," ती हळूच म्हणाली, "एक दिवस ही गाडीच तुला घरी बसवेल."

साक्षी खाली आली. दाजी पाना घेऊन मागच्या चाकाशी बसलेच होते.

"हात लावू नका."

"अगं, आवळतोय फक्त."

"मी करते. सगळे."

तिने दाजींनी आवळलेले पाच नट पाइप लावून सोडवले. मग वीसच्या वीस नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळले. वीस वेळा 'कट्' आवाज आला.

हर्षाली बॅग घेऊन उतरली. "मी सोडायला येतो," दाजी म्हणाले.

"नको. आणि शुक्रवारी मी येईनच असं धरू नकोस."

"काय झालं काय?"

"साक्षीला विचार."

जीप गेटबाहेर पडली. साक्षीने दाजींना सगळं तोंडावर सांगितलं.

"मी तुझ्या बहिणीला मारायला निघालोय? आणि पुरावा काय, तर तुझा पाना. तो खोटं बोलत नाही कशावरून?"

"दाखवू?"

पार्किंगच्या लोखंडी खांबात एक बोल्ट गंजून पक्का रुतला होता. साक्षीने टॉर्क पाना त्यावर आडवा बसवला आणि बोल्टपासून सेहेचाळीस सेंटिमीटरवर दांड्याला बादली टांगली. हिशेब सोपा होता. बादली एक किलोची. तिच्यात एकोणीस लिटर पाणी पडलं की बोल्टवर बरोबर नव्वदचा जोर येणार. पाना तेव्हाच 'कट्' म्हणायला हवा, आधी नाही. म्हणजे दाजींचं तोंड बंद.

ही सगळी जमवाजमव करण्यात तास गेला. दाजी हर्षालीला फोन लावत होते.

"लागत नाहीये. घाटात शिरली वाटतं."

"उचलायचा नसेल तिला," साक्षी म्हणाली आणि लिटरच्या मापाने पाणी ओतायला लागली. "मोजा तुम्हीच. नंतर म्हणाल मी फसवलं."

दाजी मोजू लागले. आठ. नऊ. दहा.

अकराव्या लिटरला पाना 'कट्' म्हणाला.