चार बादशाह

मिल बंद पडली तरी रंगपंचमीच्या दुपारी मिलमधले सगळे दोस्त बायकामुलांसह श्रीहरीच्या घरी जमलेच, आणि पत्त्यांचा चॅलेंज रंगला. पत्ते उलटे टाकायचे, बेधडक खोटं सांगायचं, पकडलं गेलं की सगळा ढीग आपण उचलायचा. दरवर्षी ढीग श्रीहरीच्याच गळ्यात. खोटं बोलताना त्याचे कान असे लाल व्हायचे की सगळ्यांची हसून मुरकुंडी वळायची.

"चार बादशाह," म्हणत यंदा त्याने शेवटचे पत्ते टाकले. मागे बसलेल्या वसुंधरेने ते पाहिले होते. त्यात एकही बादशाह नव्हता. नवऱ्याचे कान मात्र जसेच्या तसे. कोणी चॅलेंज केलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो जिंकला.

"क्या बात है भिया! झूठ बोलणं कधी शिकले तुम्ही?" मोघे ओरडला. सगळे हसले. वसुंधराही हसली, आणि हसता हसता थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीहरी सियागंज बाजारातल्या दुकानात, नव्या नोकरीवर जातो म्हणून निघाला. तिने रोजच्यासारखा डबा हातात दिला.

"अहो, ऊन तापायला लागलंय. दुपारी बसता तिथे सावली तरी आहे ना?"